रुक्किलिल क्लबची शेवटची सभा

लेस्टरमधलं आमचं पहिलं घर डोळ्यांपुढं आणायचं म्हटलं की मला अगोदर वास येतो. ओल्या गवताचा, जळणाऱ्या लाकडाचा आणि आईच्या कांदा-लसूण चटणीचा, तिन्ही एकदम. घर बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्लीत होतं, रांगेतलं अगदी शेवटचं. मागचं फाटक उघडलं की पायवाट, पायवाटेपलीकडं कॅनाल, आणि कॅनालच्या काठाला एक फुटबॉलचं मैदान. त्या मैदानाचा एक कोपरा खचलेला होता, तिकडं पाणी साचायचं आणि बदकं बसायची. हिवाळ्यात शाळेतून येईपर्यंत अंधारून यायचं, धुकं कॅनालवरून उठून मैदानात शिरायचं आणि गोलपोस्ट दिसेनासे व्हायचे. मी वरच्या खिडकीत गोधडी पांघरून बसायचे. खाली दिसायचं काहीच नाही. नुसत्या हाका ऐकू यायच्या, कुठल्यातरी अनोळखी भाषेतल्या, आणि मधूनच चेंडूवर बसलेल्या लाथेचा थप्प आवाज. कितीतरी दिवस मला वाटायचं की पलीकडं कोणी राहतच नाही, धुकंच खेळतंय.

आम्ही कोल्हापूरहून आलो तेव्हा मी अकरा वर्षांची होते. बाबा सॉफ्टवेअरमध्ये, वर्क परमिटवर. निघताना त्यांनी आईला सांगितलं होतं, "दोन वर्षं, सुमन. मग परत." म्हणून आईनं लोणच्याची बरणी आणली, पण दगडी खलबत्ता आणला नाही. दोन वर्षांसाठी कोण ओझं वाहतंय, म्हणाली. ती ठेचा करायची तो स्टीलच्या वाडग्यात, तांब्याच्या बुडानं ठेचून, आणि दर वेळी म्हणायची, खलबत्त्याची चव येत नाही. दोन वर्षं सरली, बाबांनी एक्स्टेन्शन घेतलं, त्यावर घरात बोलणं झाल्याचं मला काही आठवत नाही. रविवारी आई फोनकार्ड घासून मावशीला फोन लावायची. मावशी बोलून दमली की आई म्हणायची, "ठेवू नको गं, नुसता खिडकीत ठेव." मग ती कार्ड संपेपर्यंत कोल्हापूर ऐकत बसायची. रिक्षा, कुणाचं तरी भांडण, दूधवाल्याची सायकल. मला ते तेव्हा फार विचित्र वाटायचं.

बाबांचं दुखणं वेगळं होतं. पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगून पटत नाही, पण कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे पेठेची अब्रू. प्रत्येक पेठेला तालीम, प्रत्येक तालमीला टीम. लाल मातीत कुस्ती खेळणाऱ्यांचीच पोरं फुटबॉल खेळतात, आणि शेजारच्या पेठेकडून हरलं तर घरात चहासुद्धा नीट मिळत नाही. बाबा त्यांच्या तालमीचे लेफ्ट बॅक होते. लग्नानंतर नोकरी, मग हे इंग्लंड, आणि फुटबॉल टीव्हीपुरता उरला. एका शनिवारी ते मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला गेले आणि धुक्यातून तो थप्प आवाज आला. बादली तिथंच ठेवून, पायात स्लिपर, ते फाटकाबाहेर पडले ते संध्याकाळीच आले. डोक्यापासून पायापर्यंत चिखल.

"काय झालं हो? पडलासा कुठं?" आई घाबरली.

"खेळलो," बाबा म्हणाले. दारातच उभे होते आणि हसत होते. त्यांना असं हसताना मी लेस्टरमध्ये पहिल्यांदाच बघितलं.

तो क्लब एस्टोनियाच्या माणसांचा होता. एस्टोनिया नावाचा देश आहे हेच मला तेव्हा कळलं. क्लबचं नाव रुक्किलिल. त्यांच्याकडं राईच्या शेतात उगवणारं एक निळं फूल असतं, त्याचं हे नाव, आणि शर्टही त्याच निळ्या रंगाचे. धुऊन धुऊन इतके विटलेले की लांबून राखाडी दिसायचे. क्लबचे म्होरके होते आर्वो आजोबा. उंच, किंचित वाकलेले, भुवया पार पांढऱ्या. मी त्यांना आजोबा म्हणायचे आणि त्यांना तो शब्द इतका आवडला की पुढं ते स्वतःच फोनवर 'आजोबा बोलतोय' म्हणायला लागले. क्लबचा इतिहास मला त्यांनी लाकडी हटमध्ये, भिंतीवरच्या फोटोंखाली उभं करून सांगितला. युद्धात पोरवयातच ते होडीतून समुद्रापार पळाले. मग जर्मनीतल्या छावण्या, तिथं चिंध्यांचा चेंडू. मग ब्रिटनला कामाला माणसं हवी होती म्हणून इकडं. कुणी खाणीत, कुणी गिरणीत, बायका हॉस्पिटलात. सगळ्यांना वाटत होतं, एक-दोन वर्षांत देश मोकळा होईल आणि आपण परत जाऊ. "म्हणून आम्ही घरं विकत घेतली नाहीत," आजोबा म्हणाले, "टीम काढली." हिवाळ्यात हातपाय आखडतात म्हणून कॅनालच्या काठाला आधी सौना बांधला, म्हणजे वाफ घ्यायची लाकडी खोली. मग हट. गोलपोस्ट सगळ्यात शेवटी. "म्हणून तर आम्ही हरतो," म्हणाले आणि स्वतःच हसले.

हरायचे मात्र खरंच. संडे लीगमध्ये ते गुजराती दुकानदारांच्या टीमकडून हरले, पोस्टमनांच्या टीमकडून हरले, एका चर्चच्या टीमकडून तर दर वर्षी हरायचे. त्यांची मुलं खेळली, नातवंडं थोडीफार खेळली, मग देश मोकळा झाला, काहीजण तिकडं गेले, बाकीचे लंडनला. माझ्या वेळेला मैदानात एस्टोनियन असा एखाददुसराच उरला होता. बाकी सगळी भरती आमच्यासारख्यांची. गोलकीपर एक जमैकन बसड्रायव्हर, फॉरवर्डला नुकताच आलेला पोलिश सुतार, आणि लेफ्ट बॅक आमचे बाबा. मॅच सुरू व्हायच्या आधी सगळे रिंगण करून एस्टोनियन भाषेत एकच ओळ म्हणायचे, 'आपण सगळे घरी परत येऊ' अशा अर्थाची. बाबा ती ओळ कोल्हापुरी हेलात म्हणायचे आणि आजोबा डोळे मिटून ऐकायचे. शनिवारी सकाळी प्रॅक्टिसला आजोबा मलाही खेळू द्यायचे. शाळेत मुलींना नेटबॉल आणि मैदानात मला खरा चेंडू, पायात. त्या खचलेल्या कोपऱ्यातून मारलेला चेंडू कसा वळतो हे मला अजून पायाला आठवतं.

क्लबचा एक नियम होता. जो तिथं राबतो, मग तो खेळणारा असो की शर्ट धुणारी असो, त्यानं एकदा सौनात बसून वाफ घेतली की तो सभासद. सही नाही, काही नाही. सभेत मत मात्र मोठ्यांनाच. बायकांचा सौना शुक्रवारी, पुरुषांचा शनिवारी. आत गेल्यावर भांडायचं नाही, खोटं बोलायचं नाही आणि कुणाकडं काही मागायचं नाही, कारण आजोबांच्या मते ती देवळासारखी जागा. बाबांना आत बोलावलं तेव्हा ते लंगोट कसून आणि तिळाच्या तेलाची बाटली घेऊन गेले. आत सगळे म्हातारे जन्माला आले तसे बसलेले. लंगोट बघून हसून हसून बेजार झाले म्हणे. बाबा गप्पपणे आजोबांच्या मागं बसले आणि त्यांचे खांदे तालमीत रगडतात तसे रगडायला लागले. आजोबांचा एक खांदा खाणीतल्या कामानं कायमचा दुखायचा. हसणं हळूहळू थांबलं, आणि पुढच्या शनिवारी सगळे पाठी करून रांगेत. "आमच्यात बी असंच," बाबा घरी येऊन सांगत होते, "आधी तालीम, मग फुटबॉल. ही आपलीच माणसं गं."

आजोबांच्या बायकोचं नाव हेल्मी. बुटकी, गुबगुबीत, डोळे फिकट निळे. सगळे शर्ट तीच धुवायची, कित्येक वर्षं. मॅचनंतर दोन्ही टीमना जेवण तीच घालायची, काळी आंबूस पाव-भाकरी, खारवलेला मासा, बिटाची गुलाबी कोशिंबीर. आई पहिल्यांदा गेली ती रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून ठेचा घेऊन. हेल्मी आजीनं तो खाऱ्या माशावर घातला, खाल्ला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिनं आणखी मागितला. त्या दिवसापासून दर रविवारी दोघी त्या छोट्या किचनमध्ये खांद्याला खांदा लावून. दोघींचं इंग्रजी सारखंच, म्हणजे बेताचं. पण हशा मात्र बाहेरपर्यंत यायचा. आता माझी मुलगी विचारते, त्या बोलायच्या तरी काय? मला सांगता येत नाही. एकीनं बटाटा सोलायचा आणि दुसरीनं कापायचा, एवढं बोलणं त्यांना पुरत होतं बहुतेक.

मग घोडं अडलं ते जमिनीवर. मैदान कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचं. भाडेपट्ट्याची मुदत संपत आली होती आणि पुढची कितीतरी वर्षं सांभाळायची जबाबदारी घ्या, नाहीतर परत करा, असं कौन्सिलचं म्हणणं. क्लबात दोन तट पडले. अर्धे म्हणत होते, आता झेपत नाही, सन्मानानं बंद करू. अर्धे आजोबांच्या बाजूचे. आजोबांनी मनातल्या मनात माणसं मोजली, बाबांनी मोजली, आणि दोन्ही बाजू सारख्याच निघत होत्या. तेव्हा आजोबाच म्हणाले, "सुमन एवढं राबते, पण तिनं वाफ कुठं घेतलीय? तिनं घेतली तर आपलं एक मत वाढतं."

बाबांनी घरी विषय काढला. आई भाकरी थापत होती.

"सुमन, एवढं कर की माझ्यासाठी. जायचं, वाफ घ्यायची, यायचं. जीव जातोय काय त्यात?"

"जीव नाही जात. लाज जाते," आई म्हणाली.

"बायकाच असतात की सगळ्या."

"म्हणून काय झालं?" आईनं भाकरी तव्यावर टाकली. कोल्हापूरच्या बायका बोलतात तसं 'मी जातो, मी करतो' असंच ती बोलायची, लेस्टरमधल्या पुण्याच्या बायका त्यावरून तिला हसायच्या. ती उलटताना म्हणाली, "जातो. पण मनूला बरोबर नेतो."

मनू म्हणजे मी. मला तर उकळ्या फुटत होत्या. आईच्या मतानं क्लब वाचणार आणि माझे शनिवारही.

तो शुक्रवार मला स्वप्नात बघितल्यासारखा आठवतो. बाहेर कॅनालवर पातळ बर्फ, आत अंधार, कोपऱ्यात तापलेले दगड, एका लहान खिडकीतून येणारा मधासारखा उजेड. आई परकर छातीवर बांधून आली होती, पंचगंगेच्या घाटावर बायका अंघोळीला उतरतात तशी, केसांचा अंबाडा घट्ट. फळीवर हेल्मी आजी आणि तिच्या दोन मैत्रिणी, अंगावर काही नाही. कुणी हसलं नाही. हेल्मी आजीनं फक्त आईच्या गळ्याकडं बोट केलं. सोनं तापून भाजेल, काढ. आईनं मान हलवली, मंगळसूत्र नाही काढत. तेव्हा आजीनं थंड पाण्यात रुमाल भिजवला, मंगळसूत्राभोवती गुंडाळला आणि आईच्या छातीवर नीट ठेवून दिला. मग दगडांवर पाणी. वाफ आली आणि सगळ्यांचे चेहरे गेले. बर्चच्या ओल्या डहाळ्यांचा वास. तिनं डहाळ्यांच्या जुडीनं आईच्या पाठीवर हलके हलके मारायला सुरुवात केली, आणि आई, जी कुणाला साधं पाय दाबू देत नसे, डोळे मिटून गप्प बसली.

मैत्रिणी उठून बाहेर गेल्यावर हेल्मी आजी बोलायला लागली. मी इंग्रजीचं मराठी करत होते. तिच्या गावाचं नाव मला म्हणता आलं नाही. समुद्राजवळ घर, अंगणात विहीर, विहिरीवर लांब लाकडी दांडा, त्याला बादली. सफरचंदाची झाडं. बहीण एकटीच राहते तिथं, विहिरीजवळ स्टुलावर बसते. देश मोकळा झाला त्या वर्षी हेल्मी आजीनं बॅग भरली होती. आर्वो म्हणाले, हा सीझन संपू दे. मग पुढचा आला. "सीझन संपतच नाहीत," ती म्हणाली. तक्रारीच्या सुरात नाही, हवापाण्यावर बोलावं तसं. बहिणीला आता नीट दिसत नाही म्हणाली. आवाज ओळखते अजून.

आईनं मला सांगितलं, "विचार तिला, तुला जायचंय हे त्यांना सांगितलंस का?"

मी विचारलं. हेल्मी आजीनं जुडी फळीवर ठेवली.

"त्यांनी विचारलं नाही," ती म्हणाली.

मी ते मराठीत केलं. आईनं डाव उचलला आणि दगडांवर स्वतःच पाणी ओतलं, इतकं की पुन्हा काही दिसेना. मतांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आत काही मागायचं नसतं.

सभा दुसऱ्या दिवशी, पुरुषांच्या सौनानंतर. सगळ्यांचे केस ओले, चेहरे लाल, हटमध्ये कॉफीचा आणि वेलदोडा घातलेल्या गोड पावाचा वास. आजोबा उभे राहिले. क्लब चालू ठेवायचा त्यांनी हात वर करा. आजोबांचा हात गेला, बाबांचा गेला, बसड्रायव्हरचा, सुताराचा, आणि हेल्मी आजीचाही गेला. तिनं आजोबांकडं न बघताच तो वर केला, सवयीचा. आईचा गेला नाही. बाबांना वाटलं, तिला कळलं नाही. त्यांनी कोपर लावलं. "सुमन, हात. हात वर कर." आई समोर बघत राहिली. मग आजोबांनी दुसरी बाजू विचारली, आणि तिकडच्या म्हाताऱ्यांबरोबर आईचा हात वर गेला. बांगड्या मनगटावरून खाली कोपराकडं घसरल्या, त्यांचा आवाज सगळ्या हटमध्ये ऐकू आला.

आजोबांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी हळूच विचारलं, "सुमन? का?"

आई उठून उभी राहिली. चार लोकांत इंग्रजी बोलायची तिची ती पहिलीच वेळ. "हेल्मीला विचारा," ती म्हणाली. "घराचं. तिला विचारा."

आजोबा हेल्मी आजीकडं वळले. त्यांच्या भाषेत त्यांनी काहीतरी विचारलं, अगदी छोटं, दोन-तीन शब्दांचं. हेल्मी आजीचा हात अजून वरच होता. तो तिनं खाली घेतला, मांडीवर ठेवला आणि बोलायला लागली, आणि मग थांबेचना. एक शब्द मला समजला नाही. बाकीचे म्हातारे टोप्या हातात घेऊन जमिनीकडं बघत होते. आजोबा खुर्ची ओढून तिच्या समोर बसले आणि ऐकत राहिले, कॉफी पार गार होईपर्यंत.

घरी त्या रात्री पांढरा रस्सा होता आणि बाबांनी दुसरी वाटी घेतली नाही. आमच्या घरात याहून मोठं भांडण कधी झालं नाही. मी मात्र आईला वाटेल ते बोलले. माझा क्लब तू बुडवलास, तुला काय कळतं फुटबॉलमधलं, असलं सगळं. आई म्हणाली, "फुटबॉलमधलं काही कळत नाही गं मला," आणि भांडी घासत राहिली. मला वाईट वाटायचं ते पुढं बरेच महिने वाटत राहिलं. मुलींची टीम मिळेपर्यंत शनिवार रिकामे गेले आणि त्याचं खापर मी आईवरच फोडत राहिले. शेवटची मॅच धुक्यात झाली, चर्चच्या टीमबरोबर, आणि रीतीप्रमाणं आम्ही हरलो. त्या दिवशीचे शर्ट आईनं धुतले. आमच्या मागच्या अंगणात ते निळे शर्ट ओळीनं वाळत होते आणि बाबा दारात उभं राहून त्यांच्याकडं बघत होते.

उन्हाळ्यात हेल्मी आजीचा फोन आला. दोघं तिच्या गावी पोचली होती. बहिणीनं तिला आवाजावरून ओळखलं, आणि मग तोंडावरून हात फिरवून परत ओळखलं. बोलणं संपलं तशी आई घाईघाईनं म्हणाली, "डोन्ट कट. पुट फोन आउटसाइड." हेल्मी आजीनं कारण विचारलं नाही. फोन विहिरीच्या काठावर ठेवला असावा, कारण आम्हाला लाकडाची करकर ऐकू आली, मग बादलीतून सांडलेलं पाणी, मग पाखरं. आई रिसीव्हर कानाला लावून जिन्याच्या पायरीवर बसली होती. शेवटी आजोबा आले फोनवर. बाबांना द्यायला सांगितलं. गावात पोरं भरपूर आहेत, म्हणाले, सौनाही आहे, गोलपोस्ट तेवढे उभे करायचेत. बाबा इतके मोठ्यानं हसले की आईनं वळून बघितलं. तिथून पुढं आईबाबांचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

क्लबातली ती म्हातारी माणसं आता फोटोतच आहेत. मैदानावर फ्लॅट झाले, बदकं कॅनालवर गेली. आईबाबा अजून लेस्टरलाच असतात. बाबा रिटायर झाले, आईचे गुडघे गेले, खलबत्ता काही आला नाही. माझं घर लंडनला, स्टॅनमोरमध्ये, सुट्टीत मी त्यांच्याकडं जाते. परवा गेले तेव्हा हे सगळं लिहून झालं होतं. बाबा किचनमध्ये खुर्चीवर बसले होते, आई शेगडीपाशी. मी म्हटलं, वाचून दाखवते, चुकलं असेल तर सांगा. लंगोटाच्या जागी बाबा हसले. तालमीच्या जागी दोन चुका काढल्या. मी पुढं वाचत गेले. 'त्यांनी विचारलं नाही' या वाक्यापर्यंत आले आणि बाबांनी हात वर करून मला थांबवलं.

ते आईच्या पाठीकडं बघत होते. आई आमटी ढवळत होती.

"सुमन," ते म्हणाले, "तुला जायचं होतं काय गं कोल्हापूरला? जायचंय काय?"

डाव आमटीतच थांबला. आईनं गॅस बंद केला, पदराला हात पुसले, भिंतीला धरत आली आणि त्यांच्या समोरची खुर्ची ओढून बसली.

"परत एकदा विचारा," ती म्हणाली.